अर्धवट पडलेली गोधडी घरातल्याच कापडात पूर्ण करायची तर

माझी गोधडी २००९ च्या दिवाळीच्या सुट्टीत सुरू झाली आणि २०२४ च्या डिसेंबरात संपली, मधली पंधरा वर्षं ती आधी माळ्यावर आणि मग दिवाणाच्या पोटात होती. वेळ मिळाला नाही म्हणून राहिली असं मी सगळ्यांना सांगायचे, पण खरं सांगायचं तर याच काळात मी दोन भाच्यांची दुपटी शिवली, सगळ्या खोल्यांचे पडदे शिवले, ब्लाउज तर मोजलेच नाहीत. गोधडी अडली होती ती एका तुकड्यापाशी. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा आजी नारायण पेठेत राहायची, वाड्यात पाणी शिरलं आणि ती अंगावरच्या लुगड्यानिशी बाहेर पडली, त्यानंतर आजोबांनी तिला पहिलं नवीन लुगडं घेतलं ते अंजिरी इरकली. त्याचा राहिलेला पदराकडचा भाग आईने मला दिला होता, मी गोधडीच्या मध्यासाठी त्याचा दहा इंची चौकोन कापला आणि उजेडात धरला तर कापड विरलेलं. लावला तर फाटणार, नाही लावला तर मग गोधडी करायची कशासाठी! घडी घातली आणि ठेवून दिली.

हे एवढं सांगतेय कारण मला आता पक्कं वाटतं की अर्धवट राहिलेलं शिवणकाम आळसाने राहत नाही, ते कुठल्या तरी एका न घेतलेल्या निर्णयापाशी थांबलेलं असतं. तो सापडला की बाकीचं काम हाताचं आहे, आणि लागणारं बहुतेक सगळं कापड पुण्यातल्या कुठल्याही घरात आधीच असतं. मी ज्या क्रमाने केलं त्याच क्रमाने लिहितेय, तुमची गोधडी कुठे थांबलीय त्याप्रमाणे मधून सुरू करा.

आधी बाहेर काढा आणि नुसती पसरून ठेवा

पहिल्या दिवशी सुई हातात घेऊ नका. शिवून झालेला वरचा भाग (मी त्याला पदर म्हणते, आमच्याकडे तसंच म्हणतात) पलंगावर किंवा जमिनीवर चादर टाकून त्यावर पसरा. डांबर गोळ्यांचा वास असेल तर गॅलरीत सावलीत तीन-चार दिवस वाऱ्यावर टाका, त्या गोळ्या हवेत उडून जाणाऱ्या असतात त्यामुळे वास वाऱ्यानेच जातो, अत्तर-बित्तर काही मारू नका. एक गोष्ट मात्र गंभीरपणे सांगते, डांबर गोळ्यांत ठेवलेलं कापड तान्ह्या बाळाच्या दुपट्यात वापरू नका, निदान धुऊन, भरपूर ऊन दाखवून, वास पूर्ण गेल्याशिवाय तर नाहीच, काही बाळांच्या रक्तातल्या तांबड्या पेशींवर त्या गोळ्यांतल्या नॅफ्थलीनचा वाईट परिणाम होतो.

आणि पदर धुऊ नका! हा मोह प्रत्येकीला होतो. कडा उघड्या असतात, मशीनमध्ये किंवा बादलीत घातलं की पाव इंचाची शिलाई सुटून दोऱ्यांचा गुंता होतो. अगदीच कळकट झाला असेल तर आधी चारही कडांना मशीनवर झिगझॅग मारा, मग टबात गार पाण्यात दाबून दाबून धुवा, पिळू नका.

पसरलेला असतानाच उलटा करून बघा. कसर लागलीय का, म्हणजे बारीक बारीक भोकं आहेत का, कुठे टीप उसवलीय का, जुन्या टाचण्या राहून गंजल्यात का. माझ्यात दोन टाचण्या निघाल्या आणि त्यांचे दोन तपकिरी डाग. पांढऱ्या सुती कापडावरचा गंज लिंबू आणि मीठ चोळून उन्हात ठेवला की बराच जातो, पण रंगीत कापडावर हे करू नका, गंजाच्या आधी रंग जातो. रंगीतवरचा डाग मी तसाच ठेवलाय.

कुठे अडलंय ते शोधा

वहीत तीन गोष्टी लिहा. आत्ता माप किती आहे, शेवटचं काम कुठलं केलं होतं, आणि त्याच्या पुढचं काम कुठलं होतं. ते पुढचं काम लिहिताना हात थांबला तर तिथेच घोडं अडलंय.

माझ्या ओळखीच्या ज्या ज्या बायकांच्या अर्धवट गोधड्या आहेत (आणि आमच्या सोसायटीतच पाच आहेत) त्यांची कारणं बघितली तर चार-पाचच निघतात. एकीला माप पुरत नाहीये, सिंगलची सुरू केली आणि आता डबल हवीय. एकीचं मूळ कापड संपलं आणि तसंच परत मिळत नाही. एकीचा मधला भाग फुगलाय, सपाट बसत नाही. एकीकडे हॉलभर पसरायला जागा नाही म्हणून थर लावायचं राहिलं. आणि एकीला ते आवडेनासंच झालंय, २००५ साली आवडलेले रंग आता नको वाटतात. शेवटचं कारण असेल तर मोकळ्या मनाने त्याच्या चार उशांच्या खोळी करा, किंवा ज्यांना हवंय त्यांना देऊन टाका, ते काही पाप नाही. बाकी सगळ्यांवर उपाय आहे.

फुगलेल्या भागाबद्दल लगेच सांगते. सगळं उसवायची गरज नसते. त्या भागावर पाण्याचा हबका मारून इस्त्री दाबा (घासायची नाही, उचलून ठेवायची), त्यानंतरही बोटाच्या जाडीपेक्षा जास्त फुगत असेल तरच तिथली एक शिलाई उसवून जास्तीचं आत घ्या. त्याहून कमी असेल तर धावदोऱ्यात ते खपतं, हाताच्या टाक्याची हीच तर गंमत आहे.

घरातलं कापड काढायचं

आता माळा, ट्रंक, गौरीच्या सामानाची पेटी, सगळं उघडा. आपल्याकडे कापडाचा साठा मुद्दाम करावा लागत नाही, ओटीतले ब्लाउजपीस असतातच. हळदीकुंकू, डोहाळजेवण, मुंज, लग्न, गौरीचं सवाष्ण, दरवेळी एक. ज्यांची घडीसुद्धा मोडली नाही असे माझ्याकडे ४३ निघाले. त्याशिवाय जुने सुती कुर्ते, यांचे शर्ट, खणाचे तुकडे, फाटलेल्या पण काठ चांगले असलेल्या साड्या, शाळेच्या युनिफॉर्मचं उरलेलं कापड.

सगळं चालत नाही. गोधडीत सुतीच हवं, कारण पॉलिस्टर घाम शोषत नाही, इस्त्रीला वेगळं वागतं, आणि एका गोधडीत दोन्ही आले की धुतल्यावर सुती आकसतं, पॉलिस्टर आकसत नाही आणि शिवणीला चुण्या पडतात. ब्लाउजपीसमध्ये सुती किती आणि मिक्स किती हे नुसतं हात लावून कळत नाही, मला तरी कळत नाही. म्हणून जाळून बघायचं. कडेचे चार-पाच धागे काढा, चिमट्यात धरा, खाली पाण्याची स्टीलची वाटी ठेवा, खिडकी उघडी, ओढणी बाजूला, आणि मग काडी लावा. सुती असेल तर भुरकन पेटतं, जळक्या कागदाचा वास येतो आणि बोटावर चुरा होणारी राख राहते. पॉलिस्टर असेल तर वितळून आक्रसतं आणि गार झाल्यावर कडक मणी राहतो. राखेत मणी पण सापडला तर ते मिक्स. माझ्या ४३ पैकी १७ शुद्ध सुती निघाले आणि मला तेवढे पुरून उरले.

जुन्या कापडाची ताकद बघायची ती अशी. उजेडाकडे धरा, कुठे पातळ जाळी दिसतेय का बघा. मग दोन्ही हातांत चार बोटांच्या अंतरावर धरून उभ्या धाग्याने आणि आडव्या धाग्याने ओढा, झटका द्यायचा नाही, सावकाश. चर्र आवाज आला की ते कापड विरलंय. काठ आणि पदराकडचा भाग बहुतेक वेळा टिकलेला असतो, साडी विरते ती मध्ये, बसायच्या जागी आणि निऱ्यांच्या घडीवर.

नंतर धुणं. नवीन सुती कापड पहिल्या धुण्यात साधारण ३ ते ५ टक्के आकसतं, म्हणजे मीटरमागे तीन ते पाच सेंटिमीटर, म्हणून प्रत्येक ब्लाउजपीस आधी धुऊनच घ्यायचा. लाल, मरून, गडद निळा, काळा हे वेगळे. धुतल्यावर ओल्या कापडावर पांढरा रुमाल ठेवून गरम इस्त्री दाबा, रुमालावर रंग आला तर परत धुवा, परत बघा. चार वेळा धुऊनही येत असेल तर ते कापड या गोधडीला नाही. मिठाच्या पाण्यात भिजवून रंग पक्का होतो असं आपल्याला लहानपणापासून सांगितलंय पण तसं होत नाही, मीठ रंगवताना उपयोगी पडतं, एकदा रंगवून झालेल्या कापडाला त्याने काही होत नाही. कलमकारी आणि बाटिकवर मी जरासुद्धा विश्वास ठेवत नाही, ते मी प्रत्येक वेळी तपासते.

मूळ कापड संपलंय अशी अडचण असेल तर तेच शोधत लक्ष्मी रोड पालथा घालू नका, पंधरा वर्षांपूर्वीचा लॉट आता मिळणार नाही आणि जवळपासचं आणलं तर ते चुकल्यासारखं दिसतं. त्यापेक्षा उघड वेगळं लावा. माझं मूळ कापड हिरव्या-पिवळ्या चौकड्यांचं होतं, तीन चौकोन कमी पडत होते, तिथे मी काळ्या खणाचे तीन लावले पण एकाच ठिकाणी न लावता दूर दूर, त्यामुळे ते ठरवूनच केल्यासारखे बसलेत. वेगळं कापड एकदाच आलं तर ठिगळ वाटतं, तीनदा आलं की नक्षी होते.

विरलेला पण सोडवत नाही असा तुकडा

हा भाग मी सगळ्यात मन लावून केला म्हणून सविस्तर सांगते.

विरलेल्या तुकड्याला मागून आधार द्यायचा, तोही त्याच्यासारखाच मऊ. मी जुनी मलमल घेतली, आईच्या देवघरातल्या सोवळ्याच्या कपाटातली. मलमल धुऊन, इस्त्री करून, तुकड्यापेक्षा चारही बाजूंनी इंचभर मोठी कापली. आजीच्या लुगड्याचा चौकोन पाटावर उलटा पसरला, पाण्याचा अगदी बारीक फवारा मारून हाताच्या तळव्याने सरळ केला (इस्त्री नंतर, ओढाताण बिलकूल नाही), उभे धागे उभे आणि आडवे आडवे दिसले पाहिजेत. त्यावर मलमल ठेवली, दोन्हींचे धागे एकाच दिशेला. मग मध्यापासून बाहेर असे मोठे कच्चे टाके घातले, भरतकामाच्या एका पदरी दोऱ्याने, बारीक सुईने, कारण जाड सुई जिथे शिरते तिथे विरलेला धागा तुटतो. त्यानंतर ते दोन थर म्हणजे एकच कापड समजायचं आणि शिवण घ्यायची ती दोन्ही धरून.

इस्त्रीने चिकटणारं फ्युजिंग लावून देते असं मला एका बुटीकमध्ये सांगितलं होतं, मी नाही लावलं. त्याला गोंद असतो, कापड कडक होतं, धुण्यात सुटलं तर फुगे येतात आणि परत काढता येत नाही. टाके काढता येतात.

मध्ये दोन भोकं होती तांदळाच्या दाण्याएवढी. रफू न करता मी त्यांच्या कडांना मलमलवर चार-चार बारीक टाके घेऊन त्या जागेवर बसवलं. जवळून बघितलं तर भोकातून पांढरी मलमल दिसते. दिसू दे.

आणि जागा. ओढ बसते ती कडांना आणि गळ्याशी येते त्या बाजूला, तिथे हात धरून आपण गोधडी वर ओढतो. नाजूक तुकडा मध्यात किंवा पायाच्या बाजूला मध्यावर, आणि त्याच्यावरून धावदोऱ्याच्या ओळी जवळ जवळ, इतरत्र इंचाला एक तर तिथे अर्ध्या इंचाला एक. टाके जितके दाट तितका कापडावरचा भार वाटला जातो.

एवढं काम एका रविवारी दुपारी झालं. पंधरा वर्षं ज्याच्यासाठी थांबले ते तीन तासांत झालं आणि मग मी तो चौकोन आईला नेऊन दाखवला, तिने पदराने डोळे पुसले आणि काठ कुठला लावणार ते विचारलं.

माप वाढवायचं

माझा पदर ४८ बाय ७२ इंच झाला होता, हवा होता ६० बाय ९०. आणखी चौकोन शिवत बसले असते तर अजून एक वर्ष गेलं असतं. उपाय म्हणजे चारही बाजूंनी पट्ट्या. रुंदीत १२ कमी म्हणजे दोन्हीकडे ६-६. त्याच ६ च्या पट्ट्या वर-खाली लावल्या की ६० बाय ८४ होतं, राहिले ६ इंच, म्हणून वर आणि खाली अजून एकेक ३ इंची पट्टी वेगळ्या रंगाची.

कापायचं ६ नाही साडेसहा, कारण दोन्हीकडे पाव-पाव इंच शिलाईत जातं. हिशोब असा, बाजूच्या दोन पट्ट्या ७२ च्या म्हणजे १४४ इंच, वर-खालच्या दोन ६० च्या म्हणजे १२०, एकूण २६४ इंच लांबीची साडेसहा इंची पट्टी. ८० सेंटिमीटरच्या ब्लाउजपीसमधून अशा चार पट्ट्या निघतात, कापडाचा पन्हा ३६ इंच धरला तरी १४४ इंच झाले, दोन ब्लाउजपीसमध्ये काम होतं. जोडांना थोडं जातं तेही यात बसतं. मात्र धुतल्यानंतर परत मोजा.

पट्टी लावताना सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे लांबच लांब पट्टी घेऊन कडेला शिवत जायचं आणि शेवटी उरलेलं कापून टाकायचं. मग कड लाटेसारखी फिरते. जुन्या पदराची कड ताणलेली असते, ती खोटं माप देते. पदर सपाट पसरून मधून मोजा आणि डाव्या-उजव्या चतकोरावर मोजा, तिन्हींची सरासरी काढा आणि समोरासमोरच्या दोन्ही पट्ट्या त्याच मापाच्या कापा. माझं ७२, साडेबहात्तर आणि पावणेबहात्तर आलं, मी ७२ कापल्या. आता पट्टीचा मध्य पदराच्या मध्याला, टोकं टोकांना टाचा, मग मधलं वाटून टाचा, जास्तीचं कापड खालच्या बाजूला ठेवून मशीन मारा, मशीनचे दात ते आपोआप खातात.

थर

पुण्याच्या थंडीला माझ्या मते आत दोन साड्या पुरतात. वरचा पदर, खालचं अस्तर आणि मध्ये दोन, असे चार थर. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहाच्या खाली जातो तेव्हा ही एकटी पुरत नाही असं कुणाकुणाला वाटेल, त्यांनी तीन घाला, पण त्याच्या वर गेलात तर हाताने सुई काढताना बोटं सोलतील. सुटा कापूस घालू नका, तो धुतल्यावर गोळा होतो, त्याला पिंजाऱ्याचंच काम लागतं.

साडेपाच मीटरची सहावारी म्हणजे साधारण २१६ इंच, मधून कापली की १०८ चे दोन तुकडे, शेजारी शेजारी ठेवले की ६० बाय ९० चा एक थर आरामात निघतो. नऊवारी असेल तर १०८ चे तीन तुकडे. आतल्या साडीचा फॉल उसवून काढा, जरीचे काठ कापा, जर सुईला अडते आणि नंतर आतून टोचते. आतल्या थराचे दोन तुकडे एकावर एक शिवू नका, कडेला कड लावून सैल टाक्याने गाठा, नाहीतर मधोमध एक उंचवटा राहतो आणि नेमकी त्यावरूनच धावदोऱ्याची ओळ जाते.

अस्तर विकत घ्यायचं असेल तर रविवार पेठेत मांजरपाट घ्या, मऊ होतं, पण दोनदा धुऊन घ्यायचं. मी आईची जुनी सुती साडी लावली. अस्तर पदरापेक्षा चारही बाजूंनी ४ इंच मोठं हवं.

टाचणं, हे दोघींचं काम आहे

हॉल रिकामा करा, टीपॉय, खुर्च्या बाहेर. फरशी पुसून पूर्ण वाळू द्या. अस्तर उलट बाजू वर करून पसरा, कडा चिकटपट्टीने फरशीला लावा, कापड सरळ हवं पण ताणून नाही, ताणलं तर सोडल्यावर आक्रसतं आणि वर चुण्या येतात. त्यावर आतले थर एकेक, प्रत्येक थर मध्यापासून बाहेर तळव्याने सारखा करत. शेवटी पदर.

मग मध्यापासून चार दिशांना आणि नंतर चार तिरक्या दिशांना कच्चे टाके, आणि त्यानंतर साधारण चार बोटांच्या अंतराने ओळी. सेफ्टी पिना लावल्या तरी चालतं, पण मी पिनांवर भरवसा ठेवत नाही आणि पावसाळ्यात त्या गंजतात. टाचायला आम्हाला, म्हणजे मी आणि जाऊबाई, अडीच तास लागले, गुडघ्याखाली उशी घ्या.

हे काम गाळू नका. २०१३ साली मी एक दुसरी गोधडी मशीनवाल्याकडे दिली होती, त्यांनी चार पिना लावून मशीन मारली, मागे अस्तराला ठिकठिकाणी घड्या शिवल्या गेल्या, त्या उसवता उसवता खालचं कापडच फाटलं. टाचलेलं होतं तर झालं नसतं.

धावदोरा

भरतकामाचा सहा पदरी दोरा, त्यातले तीन पदर. सुई भरतकामाची सहा किंवा सात नंबर, नेढं लांबट असलेली. बोटाला अंगुस्तान हवंच, पहिल्या दिवशी नको वाटतं, तिसऱ्या दिवशी त्याच्याशिवाय जमत नाही. दोरा दोन हातच घ्या, म्हणजे कोपरापासून बोटापर्यंतच्या दुप्पट, लांब घेतला की गाठी पडतात आणि शेवटी शेवटी त्याची लव निघते.

गाठ वर दिसू द्यायची नाही. टोकाला बारीक गाठ मारा, सुरू करायच्या जागेपासून इंचभर अलीकडे सुई फक्त वरच्या थरातून आत घाला, सुरुवातीच्या जागी बाहेर काढा आणि दोरा हलकेच ओढा. टक्क असा बारीक आवाज येतो आणि गाठ आत जाते. तो आवाज मला फार आवडतो.

कुठून सुरू करायचं? आजी कडेने सुरू करून गोल गोल आत यायची, पण तिचे वरचे तुकडे सुटे असायचे, जाता जाता ती कड दुमडून जास्तीचं खपवायची. आपला पदर आधीच शिवलेला आहे, कडेने आत आलो तर सगळं जास्तीचं कापड मध्ये जमा होऊन तिथे फुगा होणार. म्हणून मध्यातून सुरू करा आणि दोन्हीकडे जा.

आजीच्या हाताला इंचाला पाच टाके यायचे, मला चार येतात. लहान-मोठे होतात त्याची काळजी करू नका, पण चारही थरांतून सुई गेलीच पाहिजे, डाव्या हाताच्या बोटाला खालून टोक लागलं की गेली. प्रत्येक ओळीनंतर उलटं करून मागची बाजू बघा.

९० इंच लांबीच्या, इंचाला एक अशा सुमारे साठ ओळी होतात, म्हणजे शिलाईच १३५ मीटरच्या आसपास. दोरा खाली-वर जाण्यात आणि टोकांना जास्तीचा जातो तो धरून पावणेदोनशे मीटर. ८ मीटरच्या लडीचे तीन-तीन पदरांचे दोन दोरे निघतात म्हणजे १६ मीटर, बारा लड्या घ्या. एकदमच घ्या, एकाच छटेच्या, हे आणि मेणाचा एक तुकडा एवढंच मी तुळशीबागेतून विकत आणलं. दोरा मेणावरून एकदा ओढून घेतला की गुंतत नाही.

मला एका ओळीला २५ मिनिटं लागायची. रात्रीचं जेवण झाल्यावर एक ओळ, जमलं तर दोन. नवरात्र झाल्यावर सुरू केलं, मध्ये दिवाळीचे आठ दिवस सुईला हात लावला नाही आणि तरी मार्गशीर्षात धावदोरा पूर्ण झाला. थंडी पडायला लागली होती आणि मांडीवर घेऊन शिवताना ती पांघरायलाच होत होती.

गोट

गोट म्हणजे उघड्या कडा झाकणारी पट्टी. कडा सरळ असतील तर तिरप्या कापाच्या पट्टीची गरज नाही, सरळ कापलेली अडीच इंची पट्टी चालते. घेर ३०० इंच, कोपरे आणि जोड धरून ३१२ धरा, ४४ पन्ह्याच्या कापडातून आठ पट्ट्या, म्हणजे २० इंच कापड. जोड तिरके घ्या, सरळ जोडाला गाठोडं होतं.

पट्टी लांबीत मधोमध दुमडून इस्त्री करा. पदराच्या बाजूने, उघड्या कडा गोधडीच्या कडेला लावून, पाव इंचावर शिवत जा, सुरुवातीची सात-आठ इंच पट्टी मोकळी सोडून. कोपरा यायच्या पाव इंच आधी थांबा आणि उलटी टीप मारून दोरा कापा. आता पट्टी सरळ वर दुमडा, म्हणजे ४५ अंशाची तिरकी घडी पडेल, ती बोटाने दाबून धरा, मग पट्टी परत खाली आणा, वरची घडी गोधडीच्या कडेला बरोबर जुळली पाहिजे. तिथून पुन्हा कडेपासूनच शिवायला सुरू करा. पट्टी मागे वळवली की कोपरा आपोआप टोकदार होतो. पहिला कोपरा रद्दी कापडावर करून बघा, वाचून हे अवघड वाटतं आणि एकदा हाताने केलं की विसरत नाही.

मागची बाजू हातानेच, लपवलेल्या टाक्याने. मी गोटाला आईने विचारलेला तो काठ लावला, त्याच लुगड्याचा, पण तो ताकदीला चांगला होता म्हणून, फक्त खालच्या एका बाजूला. बाकी तीन बाजू मरून ब्लाउजपीस. वरच्या बाजूला गोट दुहेरी केला तर आणखी बरं, तिथेच हात लागतो.

पहिलं धुणं

कच्चे टाके सगळे काढलेत का ते आधी बघा. मग टबात गार पाणी, सौम्य लिक्विड साबण, पायाने हलकं तुडवून काढा, तीन पाणी. ओली गोधडी फार जड होते, दोरीवर टांगली की सगळा भार टाक्यांवर येतो, म्हणून दोघांनी धरून गच्चीवर जुन्या चादरीवर आडवी पसरा, अस्तराची बाजू वर. पुण्यात हे ऑक्टोबर ते मे कधीही करा, पावसाळ्यात नको, आतले थर तीन-तीन दिवस वाळत नाहीत आणि कुबट वास बसतो तो बसतोच. वाळल्यावर ती थोडी आक्रसते, टाक्यांच्या मध्ये बारीक सुरकुत्या येतात, तशीच हवी.

ठेवताना दरवेळी घडी वेगळी घाला, एकाच रेषेवर घडी राहिली की तिथे कापड विरतं. कडुलिंबाचा वाळवलेला पाला मलमलच्या पुरचुंडीत घालून ठेवा.

मागच्या कोपऱ्यात मी साखळी टाक्याने तीन वर्षं भरलीत, १९६१, २००९ आणि २०२४, आणि त्याखाली आजीचं, आईचं आणि माझं अशी तीन आद्याक्षरं. ही ओळ धुण्याच्या आधी भरा, धुतल्यावर कापड आक्रसतं आणि अक्षरं वाकडी येतात.